खाण तशी माती?

मराठीत दोन म्हणी आहेत आणि दोन्ही आपण सारख्याच विश्वासाने वापरतो. मुलगा बापाच्या वळणावर गेला की आपण म्हणतो, ‘खाण तशी माती’. तोच मुलगा चार टवाळांच्या नादी लागला की म्हणतो, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. पहिली म्हण रक्ताकडे बोट दाखवते, दुसरी सोबतीकडे. आपल्या घरांत हाच वाद ‘नसब’ आणि ‘तरबियत’ या दोन शब्दांत चालत आला आहे. सोयरीक जुळवताना खानदान विचारले जाते आणि मूल वाया गेले की तरबियतीला बोल लावला जातो. आजचे शास्त्रज्ञ याच दोन गोष्टींना जनुके आणि परिस्थिती म्हणतात.

हा वाद नुसता बैठकीत रंगणारा नाही. रक्ताची बाजू खरी मानून सरकारांनी कायदे केले आहेत आणि त्या कायद्यांखाली लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरडली गेली आहेत. म्हणून या दोन म्हणींपैकी कोणतीचे वजन किती, हे इतिहासाला विचारून पाहिले पाहिजे. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासात याचा पाचशे वर्षांचा पुरावा पडून आहे.

कुलकर्ण्यांचा वंशज, सुलतानांचा पूर्वज

नगर शहर १४९४ साली वसवले ते मलिक अहमद निजामशहाने. त्याआधी चार वर्षे, १४९० मध्ये, भिंगारजवळच्या लढाईत बहमनी फौजेला हरवून तो स्वतंत्र झाला होता. या मलिक अहमदचा बाप मलिक हसन. त्याची हकिकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. फरिश्ता लहानपणी बापाबरोबर नगरला आला आणि निजामशाही दरबाराच्या सावलीत वाढला. त्यामुळे या घराण्याविषयी तो सांगतो ते ऐकण्यासारखे आहे.

फरिश्ता सांगतो की मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता. त्याचे नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरव आणि घराणे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. हे पोर विजयनगरच्या मुलुखात बहमनी फौजेच्या हाती सापडले आणि अहमदशहा बहमनीच्या गुलामांत जमा झाले. मुलाची चुणूक पाहून सुलतानाने त्याला शहजाद्याबरोबर शिकायला बसवले. तो फारसी शिकला, अरबी शिकला, घोड्यावर बसायला शिकला. पुढे तेलंगणाचा सुभेदार झाला, निजाम-उल-मुल्क हा किताब मिळवला आणि १४८१ मध्ये महमूद गावानचा वध झाल्यावर बहमनी राज्याचा मुख्य कारभारी झाला. गावानविरुद्धच्या कटात त्याचा हात होता. पाच वर्षांनी, १४८६ मध्ये, बीदरला त्याचाही खून झाला.

या हकिकतीतून दोन माणसे दोन वेगळे अर्थ काढतील. एक म्हणेल, ‘कुलकर्ण्याचे रक्त होते, हिशेब आणि राजकारण अंगातच असणार.’ दुसरा म्हणेल, ‘शहजाद्याच्या मकतबात बसला म्हणून वर आला. पाथरीत राहिला असता तर जन्मभर दप्तर लिहीत बसला असता.’ एकट्या मलिक हसनच्या उदाहरणावरून हा वाद मिटणार नाही, कारण त्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. तुलनेसाठी दुसरा माणूस हवा, ज्याचे रक्त सर्वस्वी वेगळे पण तालीम तशीच. तसा माणूस नगरच्याच इतिहासात आहे.

हबशी गुलाम आणि त्याचा मुलगा

मलिक अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. बालपणीचे नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने. हा चंगीजखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम होता. आपल्यासारखाच एक माणूस कारभाराच्या शिखरावर बसलेला अंबरने रोज डोळ्यांनी पाहिला. फौज कशी बाळगायची, महसूल कसा बसवायचा, दरबारात कोणाशी कसे बोलायचे, हे त्या वाड्यात शिकायला मिळाले.

१६०० साली चांदबीबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपली असे अकबराला वाटले. अंबरने परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची २६ वर्षे मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. जमिनीची प्रत पाहून धारा ठरवण्याची त्याची पद्धत नंतरच्या राज्यकर्त्यांनाही उपयोगी पडली. त्याने १६१० मध्ये राजधानी केलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. नगरजवळच्या भातवडीला १६२४ मध्ये त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकाच वेळी पराभव केला. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत त्याच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथेच कामी आले. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याच्या नवसाने झाले म्हणून मालोजीराजांनी या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते.

जहांगीर बादशहा आत्मचरित्रात अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून हिणवतो. अंबरच्या तोडलेल्या शिरावर बादशहा बाण मारतो आहे, असे चित्रही त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, काढले. रणात जे जमले नाही ते कागदावर करून घेतले. पण अंबर १६२६ मध्ये वारला तेव्हा जहांगीरच्याच दरबारातील मुतमदखान या इतिहासकाराने त्याच्या कर्तबगारीला मोकळेपणाने दाद दिली. अंबरची कबर खुलताबादला आहे.

आता ताळा करून पाहू. मलिक हसन पाथरीकडचा, मलिक अंबर आफ्रिकेतला. रक्ताचे नाते शोधूनही सापडणार नाही. दोघांत सारखे होते ते एवढेच की कोवळ्या वयात घरापासून तुटलेले पोर अशा ठिकाणी पोहोचले जिथे हुशार गुलामाला शिकवण्याची आणि वर चढू देण्याची रीत होती. खाण वेगळी असून माती सारखी निघाली.

एवढ्यावर थांबलो तर आपण दुसऱ्या म्हणीच्या आहारी जाऊ. चंगीजखानाच्या पदरी सुमारे हजार गुलाम होते असे सांगतात. त्या हजारांना वाडा एकच आणि उस्ताद तेच, पण अंबर एकच झाला. माणसामाणसांत उपजत फरक असतो हे कोणी नाकारू नये. एकाची स्मरणशक्ती तल्लख असते, दुसऱ्याचे डोके थंड, तिसरा जन्मतः धाडसी. हा वाटा रक्तातून येतो. मात्र तो प्रत्येक माणसाचा आपापला असतो, जमातीचा सामाईक नसतो.

आणि तो वाटा बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो असेही नाही. अंबरचा मुलगा फतेहखान गुलामांच्या बाजारात उभा राहिला नाही. तो वाड्यात, पेशव्याचा मुलगा म्हणून वाढला. अंबरने जी गादी जन्मभर राखली तिच्यावरच्या सुलतानाने फतेहखानाला कैदेत टाकले. सुटल्यावर फतेहखानाने त्या सुलतानाचा काटा काढला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. बाप ज्या राज्याचा आधार होता त्याची कंबर मुलाने मोडली. त्यानंतर शहाजीराजांनी तीन वर्षे निजामशाही तगवून धरली, तीही १६३६ मध्ये संपली. बाप-लेकांचे रक्त एक, पण वाढ वेगळी, भोग वेगळे आणि वर्तन तर अगदी उलटे.

कायद्याने ठरवलेले गुन्हेगार

निजामशाही जाऊन सव्वादोनशे वर्षे उलटली आणि इंग्रजांनी खाण-मातीच्या म्हणीला कायद्याची मोहोर लावली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. प्रथम उत्तरेत आणलेला हा कायदा १९११च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीचे नाव यादीत चढले की तिच्यात जन्मलेल्याने काही केलेले असो वा नसो, त्याची नोंद पोलिसांकडे व्हायची. त्याला हजेरी द्यावी लागायची, परगावी जायला दाखला लागायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ मध्ये अशा जमातींवर एक ग्रंथच लिहिला. कोण कसा दिसतो, काय नेसतो, कोणत्या प्रकारचा गुन्हा करतो, अशी त्याची मांडणी आहे. जणू जंगलातल्या जनावरांची माहिती लिहावी.

नगर जिल्ह्यातील श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडच्या पारध्यांना या शिक्क्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की या शिक्क्यातून मुसलमान सुटले नव्हते. छप्परबंद ही मुसलमान जमात खोटी नाणी पाडणारी म्हणून त्या ग्रंथात आहे. छप्परे शाकारणे हे ज्यांचे नाव सांगते, त्यांच्या संपूर्ण बिरादरीला सरकारने नाणेचोर म्हटले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आजही आहेत.

या कायद्याचा पाया किती कच्चा होता हे त्याच्याच एका सुधारणेतून उघड होते. १८९७ मध्ये अशी तरतूद झाली की चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवता यावे. गुन्हा रक्तात असेल तर मूल वेगळे ठेवून काय साधणार होते? आणि मूल वेगळे ठेवल्याने सुधारत असेल तर गुन्हा रक्तात नव्हता. एकाच कायद्याने मुलाला जन्मजात गुन्हेगारही म्हटले आणि सोबत बदलली की तो सुधारेल असेही म्हटले. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला गेला, पण लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. कायदा जाऊन पाऊण शतक होत आले तरी गावात चोरी झाली की संशयाची पहिली सुई पारध्याच्या पालाकडेच वळते. ज्याला शाळेत कोणी शेजारी बसू देत नाही, कामावर ठेवत नाही आणि पोलीस न विचारता उचलून नेतात, त्या मुलापुढे कोणते रस्ते उरतात याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

जनुकांचा खरा वाटा

आता शास्त्राकडे वळू, कारण वंशाचे राजकारण करणारे नेहमी शास्त्राचीच साक्ष काढतात. जर्मनीत अशा मंडळींचा अग्रणी ऑयगेन फिशर. त्याच्याच हाताखाली बर्लिनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी कवट्या मोजत होत्या. कवटीची डावी-उजवी बाजू कमी-अधिक असण्याचा वंशाशी संबंध आहे, असे गुरूला सिद्ध झालेले हवे होते. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि असा संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. ज्या बर्लिनमध्ये पुढच्या काही वर्षांत वंशाच्या नावाने कत्तली ठरल्या, तिथे एका मराठी बाईने मोजपट्टीशी इमान राखले.

आजचे शास्त्र काय म्हणते? जगातली कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांचा जनुकीय मजकूर सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसामाणसांत सापडतो, असे रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले आणि नंतरच्या तपासण्यांत ते मोठ्या अंशी टिकले. म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातल्या दोन शेजाऱ्यांत जेवढा जनुकीय फरक असतो, त्यात हजार कोसांवरच्या परक्यामुळे फारच थोडी भर पडते.

म्हणून जनुकांना काही अर्थच नाही का? तसेही नाही. जुळ्या भावंडांवर पन्नास वर्षांत जे अभ्यास झाले त्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक जुळ्यांच्या जोड्या होत्या. माणसामाणसांतल्या फरकापैकी सरासरी ४९ टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसला. निम्मे रक्ताचे आणि निम्मे जगण्याचे, असे ढोबळपणे म्हणता येईल. पण हा आकडा दिलेल्या परिस्थितीतल्या माणसांमधल्या फरकाचा आहे. परिस्थिती बदलली तर काय होईल, हे तो सांगत नाही. उंचीचे उदाहरण घ्या. उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. जनुके तीच राहिली, ताटातले अन्न बदलले.

याहून बोलके उदाहरण फेनिलकीटोनुरिया या आजाराचे आहे. एका जनुकातल्या दोषामुळे अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठत जातो आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा होते. दोष शंभर टक्के जनुकातला. पण जन्मल्याबरोबर रक्त तपासून तो घटक आहारातून कमी केला तर मूल चारचौघांसारखे वाढते. जनुकात लिहिलेली गोष्टही ताटापुढे बदलते, तर मग कोणाची ‘जात’ बदलत नाही असे छातीठोकपणे कसे म्हणायचे?

भाषा, मजहब आणि रीतिरिवाज तर जनुकांत बसतच नाहीत. अंबरच्याच आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांची पोरे, म्हणजे सिद्दी, कारवार भागात राहतात. तपासणीत त्यांच्यात आफ्रिकी अंश आजही ठळक दिसतो. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत आणि ते बोलतात कोकणी, कन्नड, मराठी.

पंधरा वर्षांत रक्त बदलत नाही

नगर जिल्ह्यातच आपल्या काळात याची एक मोठी परीक्षा होऊन गेली. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे १९८०च्या दशकात दारू, भांडणे आणि रिकाम्या विहिरींचे गाव होते. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. ज्याला जमले तो गाव सोडून गेला. या गावचे लोक असेच, असे तेव्हा आसपासची गावे म्हणत. १९८९च्या निवडणुकीनंतर पोपटराव पवार सरपंच झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, नशाबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरले, श्रमदान सुरू झाले. पाणी साठले, गवत वाढले, दूध वाढले. पंधरा वर्षांच्या आत गेलेली कुटुंबे परत येऊ लागली आणि भांडणे ओसरली. गावात मुसलमानांचे एकच घर, त्याच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने असेच घडले. तिथे दारूड्यांना खांबाला बांधून फटके मारल्याच्या गोष्टी फार सांगितल्या जातात. पण फटके तर कितीतरी गावांत बसत आले आहेत. राळेगणमध्ये शेतात पाणी आले आणि दारू गाळण्यापेक्षा शेती परवडू लागली, हे त्यातले जास्त महत्त्वाचे. दोन्ही गावांत माणसे तीच होती आणि आडनावे तीच. पंधरा वर्षांत कोणाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते पाणी, काम आणि एकमेकांवरचा भरवसा.

आपल्या घरातला हिशेब

हे सर्व आपण कशासाठी पाहिले? आपल्याविषयी आज जे बोलले जाते तेही खाण-मातीचेच आहे. ‘हे लोक असेच, यांना शिक्षण नको असते, हे यांच्या रक्तात आहे.’ याला उत्तर म्हणून जनगणनेचा एक आकडा पुरे. २००१ मध्ये बिहारमधल्या मुसलमानांची साक्षरता सुमारे ४२ टक्के होती, महाराष्ट्रातल्या मुसलमानांची सुमारे ७८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच. मजहब एक आणि कलमा एक. फरक पडला तो शाळेचा, शहराचा आणि रोजगाराचा. महाराष्ट्रातला मुसलमान मोठ्या प्रमाणात शहरात राहतो, हेही त्यामागचे कारण आहेच, आणि तेही परिस्थितीचेच कारण आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानेही बोट ठेवले ते शाळा, कर्ज आणि नोकरी यांच्या अभावावर.

पण दुसऱ्यांना हे उत्तर देताना आपण आपल्याच अंगणाकडे पाठ फिरवू नये. अशराफ आणि अजलाफ हे शब्द आपल्यातलेच आहेत. सय्यदाच्या घरी पिंजाऱ्याचे, बागवानाच्या घरी फकिराचे स्थळ आले की काय घडते, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘त्यांची बिरादरीच तशी’ हे वाक्य आपल्या बैठकांतही ऐकू येते, आणि ते १८७१च्या कायद्याचेच वाक्य आहे. आपल्या नबींनी अखेरच्या हजच्या खुतब्यात अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर वंशाचे म्हणून काही श्रेष्ठत्व नसल्याचे सांगितले. प्रत्येक मूल निर्मळ फितरतीवर जन्मते आणि पुढे आईबाप त्याला घडवतात, या आशयाची हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकले, पण सोयरिकीच्या वेळी विसरलो.

नसबीचा अभिमान आणि नसबीचा शिक्का एकाच झाडाची फळे आहेत. पहिले चवीने खायचे आणि दुसरे आपल्या ताटात आले की तक्रार करायची, हे चालणार नाही. माणसात उपजत जे असेल ते असेल. त्याचा वाटा त्या-त्या माणसात पाहावा, जमातीत शोधू नये. त्या वाट्याला मकतब मिळते की कुंपण, हे ठरवणे मात्र माणसांच्या हातात असते. बहमनी सुलतानाने युद्धात पकडलेल्या पोराला शहजाद्याशेजारी बसवले आणि त्याच्या वंशजांनी नगरला जवळजवळ दीडशे वर्षे राज्य केले. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत पारध्याचे, छप्परबंदाचे, फकिराचे मूल कोणाशेजारी बसते, एवढे जरी आपण या वर्षी जाऊन पाहिले, तरी नगरच्या या इतिहासातून काही घेतले असे म्हणता येईल.